कवडसा: माजघराच्या भिंतीवर उलटं अंगण

उंबरठा

राजापूर तालुक्यातलं आमचं आजोळ. मे महिना, दुपारचे दोन. मोठी माणसं जेवून ओटीवर लवंडलेली आणि आम्ही पोरं माजघरात कोंडलेली, कारण बाहेर ऊन. त्या माजघराला खिडकी नाही. परसाकडचा दरवाजा ओढून घेतला की स्वतःचा हात दिसू नये असा काळोख. दरवाजाच्या फळीत जुनी कडी काढल्याचं भोक तेवढं राहिलेलं, करंगळी जाईल न जाईल असं.

समोरच्या चुन्याच्या भिंतीवर काहीतरी लाल हललं. भिंतीच्या पार वरच्या अंगाला, आढ्याजवळून, एक लाल पुंजका हळूहळू सरकत होता. मी डोळे चोळले. नजर सरावली तसं बाकीचं उमटत गेलं. भिंतीच्या तळाशी फिकट निळं आभाळ, वरून खाली शेंडे करून लोंबणारे माड, त्यांच्याही वर तांबडी माती. आणि तो लाल पुंजका म्हणजे कळशी घेऊन विहिरीवर निघालेली मावशी. डोक्यावर चालत होती! पातळाचा रंगसुद्धा तोच. मी किंचाळलो.

आजोबा आले. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि कोरी बाजू भोकासमोर धरली. कागद भोकाजवळ नेला की अंगण लहान आणि लखलखीत, लांब नेला की मोठं आणि मिणमिणतं. "कवडसा आहे तो," एवढंच म्हणाले. "आता झोपा."

कवडसा म्हणजे फटीतून आत आलेला उजेडाचा तुकडा, असंच आपण समजतो. तो तुकडा म्हणजे बाहेरचं अख्खं चित्र असतं हे त्या दुपारी पाहिलं आणि पुढे तीस वर्षं विसरून गेलो.

परवा आबेलार्दो मोरेल या छायाचित्रकाराची चित्रं पाहताना ते एकदम वर आलं. जन्म १९४८ चा, हवानाचा, पण कारकीर्द सगळी अमेरिकेत. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या आपल्या घरी त्याने खिडक्यांना काळं प्लास्टिक लावलं, त्यात एक छोटं भोक पाडलं आणि समोरच्या भिंतीवर पडलेल्या गल्लीचा खोलीसकट फोटो काढला. सुरुवातीच्या फोटोंना पाच-पाच, आठ-आठ तास शटर उघडं ठेवावं लागे. त्याचं १९९४ चं एक चित्र तर बघतच राहावं असं आहे. साधी झोपायची खोली, चुरगळलेला पलंग आणि त्या पलंगावर डोकं टेकून उलटी उभी एम्पायर स्टेट इमारत. कुठेही जोडकाम नाही. खोलीत तेव्हा जे होतं तेच.

मग राहवलं नाही. रविवारी आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलची खिडकी बंद केली. शेतात मल्चिंगला अंथरतात तो काळा कागद उत्तम, उजेडाचा थेंब आत येत नाही. मधोमध पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यात शिसपेन्सिल आरपार जाईल एवढं भोक. दिवा बंद केल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही दिसत नाही आणि घरचे आपल्याकडे दयेने बघतात (बघत असावेत, अंधार होता). दहाव्या मिनिटाला समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या आमच्या सोफ्यावर लोंबायला लागल्या. मोबाईल स्टँडवर लावून, आयएसओ ८०० ठेवून, दहा सेकंदांचा फोटो घेतला. खाली देतो आहे.

तुमच्यापैकी कुणी असं काही पाहिलंय? घरात, देवळात, गोठ्यात, कुठेही. इथे लिहा.

भिरभिरं

फोटो दिसत नाहीयेत.

उंबरठा

पुन्हा चढवलेत. आता बघा.

भिरभिरं

दिसले!! ती उलटी टाकी तुमच्या सोफ्याच्या उशीवर बरोबर बसली आहे. मुद्दाम ठेवल्यासारखी.

चिंचोके

हंपीला विरूपाक्ष मंदिरात पाहिलंय. गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला काही पायऱ्या चढून एक अंधारी जागा आहे. तिथल्या भिंतीत फट आहे आणि पलीकडच्या भिंतीवर पूर्वेचं मोठं गोपुर उलटं पडतं. नऊ मजली, जवळपास ५० मीटर उंच गोपुर, आणि भिंतीवर ते माझ्या ओढणीत मावेल एवढं! आमचा गाइड 'परछाई, परछाई' करत होता. मी खरंच ओढणी पसरून धरली तर कळसाकडचा भाग तिच्यावर आला. मागे उभ्या असलेल्या सोलापूरच्या एका काकूंनी त्या चित्राला हात जोडले. मला तेव्हा हसू आलं होतं, आता नाही येत.

ठाम_मत

आपल्या पूर्वजांना प्रकाशशास्त्र किती अवगत होतं याचा हा जिवंत पुरावा. पाश्चात्त्यांनी कॅमेरा नंतर शोधला. पण आपल्याकडे कदर नाही.

बारीकसारीक

ठाम_मत, जरा थांबा. अंधारी खोली, बारीक भोक आणि बाहेर उन्हातली उंच वस्तू, या तीन गोष्टी जुळल्या की चित्र पडतंच. उंबरठा यांच्या आजोळच्या सुताराने कडी काढताना काही प्रकाशशास्त्र वाचलं नसावं. हंपीत ते मुद्दाम केलं असेलही, पण नुसतं चित्र पडतं एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही.

हेतू कसा ओळखायचा, तर जयपूरला जा. जंतर मंतरमध्ये सम्राट यंत्राच्या पोटात काळोख्या खोल्या आहेत, त्यात षष्ठांश यंत्र आहे. वर बारीक छिद्र, खाली वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी, म्हणजे ६० अंशांची कमान आणि तिच्यावर खुणा कोरलेल्या. मध्यान्ही सूर्याचं बिंब बरोबर त्या खुणांवर उतरतं आणि सूर्य किती उंचीवर आहे ते वाचता येतं. खुणा कोरल्या आहेत म्हणजे कुणीतरी तिथे मोजायला बसत होतं. हे सगळं बांधणाऱ्या सवाई जयसिंहाचं कौतुक करायचं तर ते या खुणांसाठी करू.

तीच युक्ती इटलीत बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये आहे. १६५५ मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने छताजवळ, २७ मीटर उंचीवर भोक ठेवून जमिनीवर जवळजवळ ६७ मीटर लांबीची रेषा आखली. आजही दुपारी सूर्याचं बिंब ती रेषा ओलांडतं. उन्हाळ्यात ते भोकाच्या जवळ म्हणून लहान, हिवाळ्यात लांब म्हणून मोठं आणि लांबुळकं. आजोबांनी कागदावर दाखवलं तेच, फक्त कागदाच्या जागी चर्चची फरशी.

ठाम_मत

षष्ठांश यंत्र पाहिलेलं नाही. माहितीबद्दल आभार. पण हंपीच्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे.

बारीकसारीक

आयडीला जागलात.

तिठा

वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक शंका. माझ्या अंगणात आंब्याखाली कवडसे पडतात त्यात कसलंच चित्र नसतं. नुसते गोल ठिपके. मग ते कवडसे नव्हेत का?

उंबरठा

तिठा, त्या ठिपक्यांकडे परत एकदा बघा. पानांमधल्या फटी गोल असतात का? कुठे त्रिकोणी, कुठे फाटकी, कुठे नुसती चीर. मग खाली ठिपका गोलच का पडतो? कारण तो फटीचा आकार नसतोच, तो सूर्य असतो. आंब्याखाली शेकडो सूर्य सांडलेले असतात.

मापही जुळतं. सूर्याचं बिंब भोकापासूनच्या अंतराच्या साधारण शंभराव्या भागाएवढं पडतं. फांदी चार मीटरवर असेल तर ठिपका चारएक सेंटिमीटरचा. पट्टी घेऊन मोजा.

आजोळ

हे मी पाहिलंय! २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी, ग्रहणाच्या दिवशी. आमच्या शाळेच्या पटांगणात मोठा गुलमोहर आहे. मुलांना चष्मे वाटून वर बघायला सांगत होते आणि दुसरीतला एक मुलगा खालीच बघत उभा. मी म्हटलं, अरे वर बघ. तर म्हणतो, "बाई, इथे खूप चंद्र पडलेत." सगळं पटांगण कोरींनी भरलेलं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर सुद्धा सात-आठ कोरी. तो हलला की त्या घसरायच्या.

मग घरून झारा मागवला (बुंदीचा). त्याच्या प्रत्येक भोकातून एकेक कोर. चष्मे तसेच राहिले, सगळ्या वर्गाची झाऱ्यासाठी मारामारी.

पुढचं मोठं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला. इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास, आपल्याकडे संध्याकाळकडे खंडग्रास. पण ऑगस्ट म्हणजे आपल्या नशिबी ढगच.

तिठा

मोजले. फांदी शिडी लावून मोजली, ३ मीटर ४० सेंमी. ठिपका सव्वातीन सेंमी. बायको विचारते आहे की शिडी कशाला काढली.

गिरमिट

भोकाच्या मापाबद्दल थोडं, कारण इथेच सगळ्यांची गाडी अडते. भोक मोठं केलं की उजेड भरपूर पण चित्र पसरट. लहान केलं की चित्र रेखीव पण अंधुक. आणि फारच लहान केलं तर गंमत होते, चित्र पुन्हा बिघडतं, कारण बारीक भोकाच्या कडेवरून उजेड पसरायला लागतो. म्हणून प्रत्येक अंतराला एक योग्य भोक असतं. अंतर चौपट झालं तर भोक दुप्पट, असा हिशोब.

बुटाच्या खोक्यात, १० सेंमी अंतरासाठी, साधारण ०.४५ मिमी. म्हणजे शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापायचा, पोलिस पेपरवर घासून पातळ करायचा आणि सुईच्या नुसत्या टोकाने टोचायचा. पूर्ण सुई आरपार घातलीत तर गेलं काम. मागची खरखर पुन्हा पेपरने घासून घ्या, नाहीतर कडा अस्पष्ट येतात. ३ मीटरच्या खोलीला याच गणिताने अडीच मिमी येतं, पण तेवढ्यातून इतका कमी उजेड येतो की डोळ्यांना काही लागत नाही. उंबरठा यांनी पेन्सिलीएवढं केलं ते बरोबर केलं. रेखीवपणा थोडा गेला, चित्र दिसलं तरी.

आणखी एक सोपा उपाय. घरात म्हाताऱ्या माणसाचा जुना चष्मा असेलच. अधिक १ नंबरचं भिंग भोकावर लावा, भोक रुपयाएवढं करा आणि भिंगापासून एक मीटरवर पांढरी चादर ताणा. एकदम झळझळीत चित्र येतं. अधिक २ असेल तर अर्ध्या मीटरवर. दानिएले बार्बारो नावाच्या व्हेनिसच्या गृहस्थाने १५६८ मध्ये हेच लिहून ठेवलंय: भोकावर म्हाताऱ्यांच्या चष्म्याचं भिंग लावा.

भिरभिरं

म्हणजे शाळेत शिकलो तो 'सूचिछिद्र कॅमेरा' हाच ना? आम्हाला पाच मार्कांची आकृती होती. मेणबत्ती, बाण, उलटी मेणबत्ती. प्रत्यक्ष कधीच करून दाखवला नाही. आकृती मात्र अजून काढू शकेन.

गिरमिट

हाच. आणि 'कॅमेरा' या शब्दाचा अर्थच मुळात खोली. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी खोली. हा शब्दप्रयोग खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये केला. तुमचा मोबाईल म्हणजे खिशात मावणारं माजघर.

परदेशी_पाटी

कॅलिफोर्नियातून लिहितो. आमच्या इथे अर्वाइनला एल टोरो नावाचा अमेरिकी मरीन दलाचा विमानतळ होता, तो बंद झाला. २००६ मध्ये सहा छायाचित्रकारांनी तिथलं विमानांचं हँगरच कॅमेरा केलं. फटी बुजवायला काळं प्लास्टिक, फोम, चिकटपट्ट्या. दारात ६ मिमीचं भोक. आत मलमलीसारख्या सुती कापडाचा अखंड पडदा, १०७ फूट रुंद आणि ३१ फूट उंच. त्यावर ८० लिटरच्या आसपास प्रकाशसंवेदी द्रव अंधारात हाताने फासला. भोक ३५ मिनिटं उघडं ठेवलं. मग ८० स्वयंसेवकांनी जलतरण तलावाएवढ्या ट्रेमध्ये तो पडदा धुतला, शेवटचं पाणी अग्निशमनाच्या नळांनी मारलं. भिंगाशिवाय काढलेला जगातला सर्वांत मोठा फोटो. नियंत्रण मनोरा, धावपट्ट्या, मागचे डोंगर, सगळं उलट्या छटांत, म्हणजे निगेटिव्ह.

मला या सगळ्यात ते कापड आवडलं. कागद नव्हे, फिल्म नव्हे, कापड! आमच्याकडे आई पुरणयंत्र नव्हतं तेव्हा अशाच फडक्यातून चक्का बांधायची. (अवांतर आहे, माहिती आहे.)

चिंचोके

पुरणयंत्राचा आणि चक्क्याचा काय संबंध?

परदेशी_पाटी

काही नाही. भूक लागली होती.

निळसर

उंबरठा, सुंदर धागा. पण थोडं वेगळं मत. मोरेलच्या नंतरच्या रंगीत कामात प्रिझम लावून चित्र सुलटं केलेलं आहे, रंग झगझगीत आहेत. तांत्रिकदृष्ट्या अप्रतिम, पण मला ती चित्रं हॉटेलच्या वॉलपेपरसारखी वाटतात. सुरुवातीच्या कृष्णधवल चित्रांत जो दचका आहे तो उलटेपणामुळे आहे. खोली सुलटी, जग उलटं, आणि दोन्ही तितकंच खरं. सुलटं केल्यावर फक्त सुबक उरतं.

त्यापेक्षा मला व्हेरा लुटर जवळची वाटते. जर्मन आहे, न्यूयॉर्कला काम करते. खोलीएवढ्या कॅमेऱ्यात भिंतीलाच प्रकाशसंवेदी कागद लावते आणि आलेली निगेटिव्ह तशीच टांगते. काळं आभाळ, पांढऱ्या खिडक्या. प्रत निघत नाही, एकच चित्र.

उंबरठा

निळसर, प्रिझमबद्दल बऱ्याच अंशी सहमत. पण मोरेलचं नंतरचं तंबूचं काम पाहिलंत का? तंबू उभारून वरच्या पेरिस्कोपसारख्या भिंगातून समोरचा देखावा जमिनीवर पाडतो. म्हणजे डोंगराचं चित्र त्याच जागच्या खडीवर, गवतावर, वाळूवर पडतं. तिथे पडदा म्हणजे त्या गावची माती. ते मला वॉलपेपर वाटलं नाही.

निळसर

ते मान्य. खडीवरचे फोटो विसरले होते.

टाकाऊ_टिकाऊ

माझा अनुभव फसलेला आहे, पण सांगतो. पेयाच्या डब्यात फोटो-पेपर गुंडाळायचा, सुईचं भोक पाडायचं आणि डबा महिनोन्‌महिने उघड्यावर बांधून ठेवायचा. रोज सूर्य ज्या वाटेने जातो ती रेघ कागदावर भाजली जाते. हा कागद रसायनात धुवायचा नाही, तसाच स्कॅन करायचा. ब्रिटनमध्ये हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेवर रेजिना वाल्केनबोर्ग हिने २०१२ मध्ये असा एक डबा लावला आणि विसरली. २०२० मध्ये तो दुर्बिणीपाशी तसाच सापडला. आठ वर्षं आणि एक महिना, सूर्याच्या २,९५३ वाटा एका कागदावर.

मी ठाण्यात २१ डिसेंबरला गच्चीच्या कठड्याला डबा बांधला. इंग्रजी सूचनांप्रमाणे तोंड दक्षिणेला. मार्चमध्ये सोसायटीच्या वॉचमनला चंदेरी चिकटपट्टीने गुंडाळलेला डबा दिसला. पुढचं सांगत नाही. सेक्रेटरींपर्यंत गेलं.

दुसऱ्या वर्षी लेखी परवानगी घेऊन बांधला. जूनच्या पहिल्या पावसात आत पाणी. कागदावर बुरशीची नक्षी आली, तिचा फोटो मात्र खरंच छान आहे.

शहाणपण एवढंच आलं: त्या सूचना लंडनसाठी असतात. आपल्याकडे मेच्या मध्यात सूर्य डोक्यावर येतो, शून्य सावली होते, आणि नंतर तो चक्क उत्तरेकडून जातो. दक्षिणेला तोंड करून बसलेल्या डब्याला तो दिसणारच नाही. म्हणून डबा पूर्वेला किंवा पश्चिमेला लावा आणि मेअखेर उतरवा.

आजोळ

शाळेत करून बघते. पत्र्याचे डबे मिळतील, फोटो-पेपरचं बघावं लागेल. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल (म्हणजे सूचिछिद्र) दिवस असतो. पण तेव्हा मुलं परीक्षेतून सुटून गावी पळालेली असतात.

उंबरठा

गावी गेली तर उत्तमच. तिथे माजघरं असतील.

टाचणी

दहा दिवसांनी धागा वर काढते आहे. डोंबिवलीत, चौथा मजला. गिरमिट यांच्या हिशोबाने सगळं केलं. सासरे फळीवर चढून काळा कागद लावत होते आणि सासूबाई म्हणत होत्या की उन्हाळ्यात खिडक्या बंद करायचं हे कसलं खूळ. दिवे घालवले. पंखाही बंद ठेवला, कागद फडफडतो म्हणून. घामाच्या धारा. पंधरा मिनिटांनी समोरची तीन मजली जुनी इमारत आमच्या कपाटावर उलटी उमटली. गच्चीचा कठडा, टाक्या, पांढऱ्या प्लास्टिकवर ओळीने घातलेले पापड, सगळं रंगात. मी मोबाईल स्टँडला लावला. कुणी हलू नका म्हटलं. सासूबाई कपाटाजवळ जाऊन अगदी नाक लावून बघत होत्या, पहिल्यांदाच गप्प.

फोटोचे सहा सेकंद झाले असतील नसतील, भिंतीवर काहीतरी काळं खालून वर आलं आणि पापडांवर उलटं बसलं. सासूबाईंनी कागद टरकावला, खिडकी उघडली आणि ओरडल्या, "अहो कुलकर्णीवहिनी, कावळा!"

फोटो पांढरा फटक आलाय. तरी देते.

तिठा

पापड वाचले का?

टाचणी

चार गेले.